बोरीबंदरच्या समोर

आमच्या मुंब्र्याच्या घरांत मध्य रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनला चार नावं आहेत. कोण कुठलं नाव घेतं यावरून त्याचं वय सांगता येतं. दादी-नानीच्या तोंडी बोरीबंदर. अब्बा आणि चाचा व्ही.टी. म्हणतात. आज तिशीत असलेले आम्ही सी.एस.टी. म्हणतो. आमच्या वर्गातली मुलं सी.एस.एम.टी. म्हणतात आणि तेही इतक्या घाईत की चार अक्षरं एकमेकांच्या पायात येतात. शेवटचं स्टेशन हेही आमचंच म्हणणं. खरं म्हणजे ते पहिलं स्टेशन. रेल्वे तिथून निघाली आणि मग आमच्यापर्यंत आली.

आम्ही उर्दू शाळेतले तीन शिक्षक. सातवीच्या वर्गाची क्षेत्रभेट कुठे न्यायची यावर शिक्षक-खोलीत बरीच चर्चा झाली. कुणी राणीचा बाग म्हणालं, कुणी तारांगण. स्टेशनचं नाव निघालं तेव्हा सगळे हसले. ज्या स्टेशनात आपण रोज धक्के खातो ते बघायला मुलांना कशाला न्यायचं? पण इतिहासाच्या पुस्तकात इमारतीचं चित्र आहे, खाली दोन ओळी आहेत आणि मुलांनी त्या पाठ केल्या आहेत. त्या दोन ओळींत आमचं कुणीच नाही असं त्यांना वाटतं. आम्हांलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. म्हणून आधी आम्हीच वाचायला बसलो.

पहिला घोळ नावापाशीच झाला. ‘बंदर’ हा शब्द फारसी, त्याबद्दल वाद नाही. पण ‘बोरी’ म्हणजे काय? वर्गात विचारलं तर मुलांनी एका सुरात सांगितलं, बोरी म्हणजे पोतं. इथे पोती उतरत असणार. शाळेतल्या मराठीच्या बाईंनी सांगितलं, बोरी म्हणजे बोरीचं झाड, इथे बोरींची झाडं असणार. पुस्तकांत दोन्ही गोष्टी सापडतात. ज्याची जी जबान, त्याला ते ऐकू येतं. आम्ही फळ्यावर दोन्ही अर्थ लिहिले आणि एकही पुसला नाही. मग शब्दांचा नादच लागला. हमाल अरबी. खलाशी तिकडूनच आलेला. सामान आणि रवाना फारसी. इंग्रजांच्या प्लॅटफॉर्मचा फलाट मात्र मराठीने केला, आणि असा केला की त्याचा मूळ मुलूख ओळखू येऊ नये. मुंबईच्या रेल्वेची बोली अशी चार घरचं पीठ मळून झालेली आहे.

१६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमाराला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली हे सगळ्यांना माहीत असतं. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, २१ मैल, आणि २१ तोफांची सलामी. आम्हांला त्यातली एकच गोष्ट नवी होती. गाडीला तीन इंजिनं जोडली होती आणि त्यांची नावं होती साहिब, सिंध आणि सुलतान. हे वाचून दाखवल्यावर वर्ग जो उसळला तो पुढची दहा मिनिटं आवरेना. साहिब आणि सुलतान! ही तर आपल्या कायद्यातली, पहिलीतली लफ्जं! विलायतेहून आलेल्या लोखंडी इंजिनाला अरबी शब्दांची नावं ठेवणाऱ्या कंपनीवाल्यांच्या मनात काय होतं कोण जाणे, बहुतेक नुसता रुबाब असेल. पण आमच्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला त्या दिवशी इतिहासाचं पुस्तक पहिल्यांदा आपलं वाटलं.

पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणला पोचले. म्हणजे मुंब्र्याच्या डोंगराखालून, खाडीच्या कडेने ते त्याच वर्षी गेले. पारसिकचा बोगदा नंतरचा, १९१६ चा. जलद लोकल २०२२ पर्यंत बोगद्यातून जात, आमच्या धिम्या गाड्या आजही खाडीच्या बाजूने येतात. मुंब्र्याला आज जी एवढी वस्ती आहे तिच्यात १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून उठून आलेली कितीतरी घरं आहेत. आमच्यातल्या दोघांची त्यातलीच. त्याबद्दल या अंकात आधी अनेकांनी लिहिलं असेल, आम्ही पुन्हा लिहीत नाही. एवढंच, की ज्या शहरातून बाहेर पडलो त्या शहराशी आम्हांला बांधून ठेवणारी एकच दोरी होती आणि ती या रुळांची होती.

ही रेल्वे आली कशी याची गोष्ट पुस्तकात गव्हर्नरपासून सुरू होते. पण १८४५ मध्ये मुंबईत रेल्वे यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई होते. एक मराठी सोनार सराफाच्या घरातला, एक पारशी व्यापारी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी १८४९ मध्ये लंडनमध्ये उभी राहिली. या दोघांचे चेहरे आजच्या इमारतीवर दगडात कोरलेले आहेत. गर्दीत मान वर करून बघायला सवड नसते, म्हणून ते दिसत नाहीत.

आणि इमारत एवढी मोठी का? मुलांनी विचारलेला हा प्रश्न आम्हांला फार आवडला, कारण स्टेशनला एवढ्या मोठ्या घुमटाची गरज नसते. १८५३ चं बोरीबंदर स्टेशन साधंच होतं. मधल्या तीस वर्षांत दोन गोष्टी घडल्या. १८६३ मध्ये बोरघाट ओलांडून रेल्वे देशावर चढली. ते काम करताना हजारो मजूर मेले, त्यांची नावं कुठेही कोरलेली नाहीत. त्याच वेळी, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा ओतला. युद्ध संपलं, भाव कोसळला, कितीतरी पेढ्या बुडाल्या. पण बंदर आणि रेल्वे यांची गाठ पक्की बसली होती. पुढे १८६९ मध्ये सुवेझ कालवा उघडल्यावर मुंबई हे हिंदुस्थानचं पुढचं दारच झालं. तेव्हा कंपनीला नुसतं स्टेशन नको होतं, तिला आपलं मुख्य कार्यालय हवं होतं आणि बोटीतून उतरणाऱ्याचे डोळे दिपायला हवे होते. आपण ज्याला स्टेशन म्हणतो त्याचा डोळ्यांत भरणारा भाग हे मुळात कंपनीचं ऑफिस आहे. गाड्या बाजूला, पत्र्याच्या छपराखाली.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पकाराने आराखडा केला. १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. खर्च सुमारे १६ लाख १४ हजार रुपये. १८८७ हे राणीच्या कारकिर्दीचं सुवर्णमहोत्सवी वर्ष होतं, म्हणून तिचं नाव दिलं गेलं. दरवाजाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान. आमच्या मुलांनी वाघाची बाजू घेतली हे सांगायला नकोच. घड्याळाखाली राणीचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर काढला गेला आणि जागा रिकामी आहे. सगळ्यात वर, घुमटाच्या टोकाला एक बाई उभी आहे. एका हातात मशाल, दुसऱ्या हाताखाली चाक. तिचं नाव प्रगती.

मालाडचा पिवळसर दगड, आत इटलीचा संगमरवर. नक्षीकाम जे.जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं. आम्हांला, खरं सांगायचं तर, घुमटापेक्षा हे नक्षीकामच जास्त आवडतं. कमानींच्या बेचक्यांत मोर आहेत, माकडं आहेत, पानांमागून डोकावणारे प्राणी आहेत. घुमट स्टीव्हन्सचा, पण ही माकडं मुंबईच्या पोरांच्या हातची आहेत. साहेबाच्या गंभीर इमारतीत विद्यार्थ्यांनी जिथे जागा मिळाली तिथे मजा करून घेतली आहे. वर्गात वहीच्या समासात चित्रं काढणाऱ्या मुलांना आम्ही रागावतो, त्या दिवशी त्यांच्याकडे बघायची चोरी झाली.

आता समोरच्या बाजूला यावं.

स्टेशनच्या मुख्य दारातून बाहेर पडून समोर बघितलं की डावीकडे महापालिकेची इमारत आहे. तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. उजवीकडे जरा पुढे, दादाभाई नौरोजी मार्गावर, गुंबद आणि मिनारांची एक इमारत आहे. ती अंजुमन-ए-इस्लामची शाळा. तिचा पाया १८९० मध्ये लॉर्ड रे यांच्या हस्ते घातला गेला आणि तीही १८९३ मध्येच उभी राहिली. लाखो लोक रोज तिच्यासमोरून जातात. त्यातले किती जण मान वळवतात? आम्ही स्वतः कित्येक वर्षं ती फक्त बसस्टॉपची खूण म्हणून ओळखत होतो.

अंजुमनची स्थापना १८७४ ची. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे थोरले भाऊ कमरुद्दीन, कोकणी मुसलमानांपैकी नाखुदा मुहम्मद अली रोगे आणि त्यांचे सोबती यांनी ती उभी केली. १८५७ नंतर मुसलमान दिशाहीन झाला होता, नव्या शिक्षणाकडे पाठ फिरवून बसला होता वगैरे आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. पण दिशाहीन म्हणवल्या गेलेल्या याच लोकांतल्या काहींनी मुलांना गणित, इंग्रजी आणि उर्दू शिकवायला शाळा काढली, हे त्या वाक्याच्या पुढे क्वचितच लिहिलं जातं. कंपनीने आपल्या घुमटावर प्रगती नावाची दगडी बाई उभी केली. या लोकांनी तिच्या समोर शाळा बांधली. दोन्ही घुमट एकाच रस्त्यावर, पाचसहा वर्षांच्या अंतराने झालेले. आम्ही शिक्षक आहोत, आमचं माप एकतर्फी असणार. पण प्रगतीचा जास्त खरा पुतळा आम्हांला समोरचा वाटतो.

आणि १८८७! ज्या वर्षी स्टेशनला राणीचं नाव मिळालं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं आणि त्याचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी होते. काँग्रेसचे पहिले मुसलमान अध्यक्ष. त्याच महिन्यात लखनौला सर सय्यद अहमद खान काँग्रेसविरुद्ध भाषण करत होते. पुढे दोघांचा पत्रव्यवहार झाला, मतभेद मिटले नाहीत, अदब मात्र सुटला नाही. दोघेही शाळा काढणारे होते हे विसरता कामा नये. तय्यबजी पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला तेव्हा इतरांनी नाकारलेला जामीन मंजूर करणारे न्यायमूर्ती हेच. हे आम्ही वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, ‘सर, हे मराठीच्या शाळांत पण शिकवतात का?’ आम्ही म्हणालो, विचारून सांगू. अजून विचारतोच आहोत.

अंजुमनच्या या शाळेत पेशावरहून आलेल्या एका फळविक्रेत्याचा मुलगाही शिकला. त्याचं नाव युसूफ खान. दुनिया त्याला दिलीपकुमार म्हणून ओळखते. पेशावर म्हटलं की आमच्या अब्बांच्या पिढीला पंजाब मेल आठवते. ही गाडी १९१२ मध्ये सुरू झाली, १९१४ पासून ती व्ही.टी.हून सुटू लागली, आणि फाळणीपर्यंत थेट पेशावरला जात होती. १९४७ नंतर ती फिरोजपूरला थांबते. गाडीचं नाव तेच राहिलं, फक्त पंजाबचा अर्थ अर्धा झाला. आम्ही फलाटावर मुलांना ही गाडी दाखवली. तिच्या पाटीवर ‘फिरोजपूर’ वाचून एका मुलाने नकाशाच्या वहीत सरहद्दीपासून ते किती लांब आहे ते बोटांनी मोजलं. अर्धा सेंटिमीटरही भरलं नाही.

आमच्या घरांत बोरीबंदर हे नाव टिकलं त्याचं कारण मात्र पंजाब मेल नाही, हज आहे. विमानं नव्हती त्या काळात, आणि विमानं आल्यावरही बरीच वर्षं, गरीब हाजी जहाजानेच जात. देशभरातून गाड्या भरून हाजी मुंबईला येत, मुसाफिरखान्यांत उतरत आणि मुघल लाइनच्या जहाजाची वाट बघत. ‘अकबरी’, ‘नूरजहाँ’, ‘मुहम्मदी’. आमच्या दाद्यांना ही जहाजांची नावं नातवंडांच्या नावांसारखी पाठ असत. १९९५ मध्ये हा समुद्रमार्ग बंद झाला. आता मंडळी विमानाने चार-पाच तासांत जेद्दाला पोचतात. त्यात बरंच सुख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्यापैकी एकाची दादी सांगायची, की तिचे अब्बा हजला निघाले तेव्हा सगळा गाव एस.टी.ने मुंबईला आला होता. पोचवायला आलेले पन्नास आणि जाणारे दोन. बिहार, बंगालहून आलेल्या हाजींच्या गाड्या स्टेशनात लागल्या की फलाटावरच लोक एकमेकांना मिठ्या मारत, दुआ मागायला सांगत. एकमेकांची बोली समजत नसे. ‘माझ्या नावाने तिथे सलाम सांग’ एवढं मात्र सगळ्यांना समजे. दादीला स्टेशनचा घुमट आठवत नव्हता. तिला फलाटावरची रडारड आठवत होती आणि पितळी बदन्यांचा आवाज.

हज हाउसची उंच इमारत आजही स्टेशनच्या शेजारीच आहे. तिची जागा तिथेच का, हे नव्या पिढीला माहीत नसतं.

आता ज्या गोष्टीपाशी आमची गाडी थांबते ती सांगायला हवी. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. आम्ही तेव्हा कुणी शाळेत, कुणी कॉलेजात होतो. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट बघत बसलेल्या लोकांवर दोघांनी गोळ्या झाडल्या. पन्नासहून जास्त माणसं गेली. तेरा दिवसांवर बकरीद होती, गावी निघालेल्यांत मुसलमानही होते आणि मेलेल्यांतही होते. गोळीला टोपी दिसत नाही. रेल्वे पोलिसांतले निरीक्षक शशांक शिंदे तिथेच पडले. उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीत बसून, जीव मुठीत धरून, लोकांना कुठल्या बाजूने बाहेर पडा ते सांगत राहिले. रोज ‘गाडी उशिरा धावत आहे’ म्हणणारा आवाज त्या रात्री माणसं वाचवत होता.

ते दोघे पादचारी पुलावरून रस्ता ओलांडून गेले. पूल समोर ज्या गल्लीत उतरतो तिचं नाव बद्रुद्दीन तय्यबजी मार्ग. याच मार्गावर पुढे, कामा हॉस्पिटलच्या मागे रंगभवनपाशी, हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले.

मुंबईतल्या मुसलमानांनी काय केलं तेही लिहून ठेवायला हवं, कारण विसरणं फार सोपं असतं. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. कब्र नाकारणं ही आपल्याकडे केवढी मोठी गोष्ट आहे हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. त्या बकरीदला लोकांनी दंडाला काळ्या फिती बांधून नमाज पढली.

आणि तरीही त्या पुलाला लोक काय म्हणू लागले? कसाब पूल. कागदावर त्याचं नाव हिमालय पूल होतं. पण वर्तमानपत्रं, टॅक्सीवाले, कॉलेजची पोरं सगळ्यांच्या तोंडी कसाब पूल. यात कुणाचा डाव नव्हता. शहर खुणेसाठी जे हाताला लागेल ते नाव घेतं. पण नावाची एक गंमत असते, ते घेणाऱ्याला टोचत नाही, ज्याच्यावर पडतं त्याला टोचतं. कसाब ही एका माणसाची नव्हे, एका धंद्याची खूण आहे. खाटकाचा धंदा पिढ्यानपिढ्या करणाऱ्या घरांतून ते आडनाव म्हणून चालत आलेलं आहे. आमच्या पटावरही ते आहे. २००८ नंतर जन्मलेल्या मुलाला हजेरीच्या वेळी हसू ऐकावं लागतं तेव्हा आम्ही काय करायचं? आम्ही शेवटी भाषेचा तास घेतला. फळ्यावर दोन शब्द लिहिले. मोठ्या काफने आणि स्वादने लिहिला तर कस्साब, म्हणजे मांस कापणारा, हलाल रोजीवाला. छोट्या काफने आणि सीनने लिहिला तर कस्ब, म्हणजे कमाई, हुन्नर, आणि त्याचंच मराठीत कसब झालं. दोन्ही शब्द कष्टाचे. एकही शब्द बंदुकीचा नाही. मुलं गप्प झाली. त्या मुलाने वहीत दोन्ही शब्द सुबक अक्षरात उतरवून घेतले. हसू पूर्ण थांबलं असं आम्ही म्हणत नाही, पण आता त्याच्याकडे उत्तर आहे.

तो पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी कोसळला. घरी निघालेली माणसं मेली. नवा पूल व्हायला चार वर्षं लागली, २०२३ मध्ये तो खुला झाला. आम्ही मुलांना मुद्दाम त्यावरून नेलं. उतरल्यावर रस्त्याच्या नावाची पाटी वाचायला लावली. मोठ्याने. तेव्हा बाजूने जाणाऱ्या एका गृहस्थांनी थांबून आमच्या टोपी घातलेल्या दोन मुलांकडे बघत विचारलं, ‘कुठल्या मदरशातली मुलं आहेत?’ आम्ही काही बोलायच्या आत एक मुलगी म्हणाली, ‘मदरसा नाही काका, शाळा. सातवी ब.’ गृहस्थ हसले, ‘छान मराठी बोलतेस की!’ म्हणाले आणि निघून गेले. शाबासकीच होती ती, तिला उगाच नख लावत नाही. फक्त छान मराठीचं आश्चर्य कधी संपेल एवढंच मनात आलं. आणि मदरसा म्हणजे तरी काय, जिथे दर्स होतो, धडा होतो ती जागा. त्या हिशोबाने काकांचंही बरोबर होतं.

नावांचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करू. १९९६ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनसचं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं. २००४ मध्ये युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. २०१७ मध्ये नावात ‘महाराज’ हा शब्द आला. या नामांतरांबद्दल मुसलमानांचं मत काय असेल याची काही लोकांना फार उत्सुकता असते. आमच्या घरी राणीचं नाव गेल्याबद्दल कुणी रडल्याचं ऐकिवात नाही. चौथीला महाराजांचा इतिहास आमची मुलं उर्दूतून शिकतात आणि अफजलखानाच्या धड्याला वर्गात जी अवघड शांतता होते ती कशी हाताळायची हे आम्ही शिक्षकांनी हळूहळू शिकून घेतलं आहे. नव्या नावाने तर आम्हांला एक चांगला धडाच दिला. १६७९ मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी खांदेरी बेटावर महाराजांनी किल्ला बांधायला घेतला. मुंबईचे इंग्रज अडवायला आले, त्यांच्या जोडीला जंजिऱ्याचा सिद्दी होता. महाराजांच्या आरमारातून लढले मायनाक भंडारी आणि दौलतखान. म्हणजे मुसलमान दोन्ही बाजूंना होते, जसे मराठे अनेक लढायांत दोन्ही बाजूंना होते. मुलांना हे लगेच कळतं. मोठ्यांना वेळ लागतो.

आज स्टेशनला १८ फलाट आहेत, त्यातले सात लोकलचे. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला इथूनच कुर्ल्याला गेली. २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्टेशनच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. होऊ द्या. पण या भव्य घुमटापासून तासाभराच्या अंतरावर, मुंब्र्याच्या वळणावर, ९ जून २०२५ च्या सकाळी दारात लटकणारी माणसं गाडीतून पडून मेली. तीही याच रुळांवर. आमची काही मुलं त्या दिवशी शाळेत उशिरा आली आणि त्यांना कुणी कारण विचारलं नाही. पुनर्विकास करणाऱ्यांनी घुमटाकडे बघून झालं की एकदा सकाळी आठच्या धिम्या गाडीत चढून बघावं, एवढी आमची विनंती.

परतीची धिमी गाडी आम्ही मुद्दाम दुपारची धरली, म्हणजे मुलांना खिडक्या मिळतील. गाडी हलली आणि डब्यात मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत आवाज आला, पुढील स्टेशन मस्जिद. मुलांनी ताबडतोब दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून बाहेर माना काढल्या. ‘सर, कुठंय मशीद?’

या प्रश्नाची आम्ही सकाळपासून वाट बघत होतो. आम्ही सांगितलं, की ज्या मशिदीवरून हे नाव पडल्याचं सांगतात ती मुसलमानांची नाहीच, यहुद्यांची आहे. कोकणातले, मराठी बोलणारे बेने इस्राएल. त्यांच्यातल्या सामाजी हसाजी दिवेकर नावाच्या फौजी माणसाने टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर १७९६ मध्ये सॅम्युएल स्ट्रीटवर प्रार्थनाघर बांधलं. शेजारपाजारचे लोक त्याला जुनी मशीद म्हणू लागले. तिचं खरं नाव इब्रानी भाषेत आहे, शाआर हारहामीम.

‘रहामीम म्हणजे?’

‘तुम्हीच सांगा.’

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. सकाळी वाघाची बाजू घेणारा, शेवटच्या बाकावरचा तो मुलगा ओठांतल्या ओठांत दोन-तीनदा शब्द पुटपुटला आणि मग सँडहर्स्ट रोड यायच्या आत ओरडला, ‘रहमत! सर, रहमत! रहमतचा दरवाजा!’